एका घरात चार कायदे

जळगावच्या सिंधी कॉलनीतले एक घर घेऊ. घर मी रचलेले आहे, पण त्यातली माणसे तिथे भेटतील अशीच आहेत. आजोबा १९४७ च्या डिसेंबरात आई-वडिलांबरोबर सिंधमधून निघाले आणि छावण्या बदलत खानदेशात पोचले. त्यांच्या एका चुलत भावाच्या घरच्यांना जमीन सोडवेना, तो तिकडेच राहिला. त्या भावाचा थोरला मुलगा २०११ साली बायकोला घेऊन व्हिसावर जळगावला आला आणि परत गेला नाही. २०१३ साली त्या जोडप्याला जळगावातच मुलगा झाला. २०१८ साली थोरल्याच्या मागोमाग धाकटाही आला. सगळे एकाच घरात राहतात, फुले मार्केटमधल्या एकाच कापड दुकानावर त्यांचे पोट चालते.

यांच्यात भारताचे नागरिक कोण? आजोबांचा जन्म सिंधमधला, तरी ते नागरिक. पोराचा जन्म जळगावातला, तरी तो नागरिक नाही. थोरल्याला नागरिकत्वाचा एक जवळचा रस्ता मोकळा आहे. धाकट्याला तोच रस्ता बंद आहे, पण पासपोर्टची मुदत संपली म्हणून त्याच्यावर खटला मात्र भरता येत नाही. आजोबा काय आणि दोघे भाऊ काय, निघाले ते एकाच भीतीने. मग कायद्याने त्यांना चार रांगांत का उभे केले?

कारण आपल्याकडचा कायदा भीती मोजत नाही, तारीख मोजतो. अशा माणसांची वकिली कशी चालते, वकिलाच्या हाताशी काय काय असते, हे या एका गोष्टीवरून उलगडत जाते.

अमेरिकेतला वकील काय शोधतो

आधी थोडे दूरचे पाहू, म्हणजे जवळचे नीट दिसेल. अमेरिकेत आश्रय मागणाऱ्यांसाठी इमिग्रेशन कोर्ट आहे. नाव कोर्ट असले तरी ते न्यायपालिकेचा भाग नाही. ते तिथल्या न्याय खात्याखाली चालते आणि न्यायाधीशांची नेमणूक त्या खात्याचे प्रमुख, म्हणजे ॲटर्नी जनरल करतात. आश्रयाचा अर्ज साधारणपणे देशात आल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. वकील नेमण्याचा हक्क असतो, पण सरकारी खर्चाने नाही. ज्याला परवडत नाही तो एकटाच न्यायाधीशापुढे उभा राहतो, किंवा एखाद्या संस्थेचा फुकट काम करणारा वकील मिळाला तर त्याचे नशीब.

त्या वकिलाला एकच गोष्ट सिद्ध करायची असते: माझ्या अशिलाला मायदेशी छळाची वाजवी भीती आहे, आणि तो छळ वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा एखाद्या विशिष्ट समाजगटाचा सदस्य असणे यांपैकी एका कारणाने होईल. ही भीती किती मोठी असावी? १९८७ साली कार्डोझा-फोन्सेका प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की छळाची शक्यता दहात एक असली तरी भीती वाजवी ठरू शकते. म्हणून तिथल्या वकिलाची सगळी सामग्री भीतीभोवती जमलेली असते. परराष्ट्र खात्याचे देशोदेशींच्या मानवी हक्कांवरचे वार्षिक अहवाल, संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांची मार्गदर्शक पुस्तिका, अपील मंडळाचे जुने निकाल, अंगावरचे वण तपासणाऱ्या डॉक्टरचा दाखला, त्या देशाचा अभ्यास असलेल्या प्राध्यापकाचे प्रतिज्ञापत्र. आणि या सगळ्याच्या वर, अशिलाने स्वतःच्या तोंडून सांगितलेली हकिगत. तिच्यात एका प्रसंगाचा महिना इकडचा तिकडे झाला तरी सरकारी वकील तिथेच बोट ठेवतो.

भारतात असे कोर्ट नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताने सही केलेली नाही, १९६७ च्या पूरक करारावरही नाही. निर्वासितांसाठी वेगळा कायदाही आपल्या संसदेने कधी केला नाही. याचा अर्थ आपण कोणाला आसरा दिला नाही असा नव्हे. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे पोलंडचे सुमारे पाच हजार लोक येऊन राहिले. गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आजही आहे. पण प्रत्येक वेळी सरकारने त्या त्या समूहापुरता हुकूम काढला आणि काम भागवले. त्यामुळे आपल्या वकिलाला एका पुस्तकात सगळे मिळत नाही. घटनेचे एक कलम, व्हिसाचा एक नियम, नागरिकत्व कायद्यातली एक पोटतरतूद आणि गृह मंत्रालयाचे एखादे परिपत्रक, असे निरनिराळ्या ठिकाणांहून जमवून त्याला खटला उभा करावा लागतो. खटला म्हणायचे ते सवयीने. बहुतेक वेळा ती एक फाईल असते आणि तिचा निकाल टेबलावर लागतो.

चौघांच्या चार तारखा

आता परत त्या घरात येऊ. आजोबांचे प्रकरण सोपे, कारण त्यांच्यासाठी घटनाकारांनी स्वतंत्र कलम लिहिले. घटनेच्या सहाव्या कलमानुसार पाकिस्तानातून जो १९ जुलै १९४८ च्या आधी आला आणि इथेच राहिला, तो आपोआप नागरिक झाला. अट एवढीच की तो स्वतः किंवा त्याचे आई-वडील वा आजी-आजोबा यांपैकी कोणीतरी अखंड भारतात जन्मलेले असावे. त्या तारखेला दोन देशांत परमिट पद्धत सुरू झाली. त्यानंतर येणाऱ्याला नोंदणी करावी लागली. धुळ्याच्या साक्री रोडवरचे कुमार नगर असो की जळगावची सिंधी कॉलनी, तिथल्या जुन्या पिढीचे नागरिकत्व या कलमावर उभे आहे. या कलमासाठी आजोबांना कधी वकील लागला असेल असे वाटत नाही.

पोराचे प्रकरण लोकांना सगळ्यात चमत्कारिक वाटते. इथे जन्मला म्हणजे इथला, ही आपली सरळ समजूत. ती एके काळी कायद्यातही होती. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारताच्या भूमीवर जन्मलेले मूल, आई-बाप कुठलेही असोत, जन्माने नागरिक होते. १ जुलै १९८७ पासून आई किंवा बाप यांपैकी एकजण नागरिक असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून ती आणखी आवळली: दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. आपल्या घरातला मुलगा २०१३ चा. आई-बाप दोघेही पाकिस्तानी नागरिक. जळगाव महापालिकेचा जन्मदाखला त्याच्याकडे आहे, पण तो दाखला जन्म कुठे झाला एवढेच सांगतो.

थोरला २०११ चा. त्याच्यासाठी डिसेंबर २०१९ मध्ये झालेली नागरिकत्व कायद्यातली दुरुस्ती आहे, जिला सगळे सीएए म्हणतात. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती यांना बेकायदा स्थलांतरित मानायचे नाही, आणि एरवी अकरा वर्षांचे वास्तव्य लागते तिथे पाच वर्षे पुरेत, असा तिचा गाभा. धाकटा २०१८ मध्ये आला, म्हणून या दुरुस्तीत बसत नाही.

त्याच्यासाठी दुसरी तारीख आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा लागू झाला आणि १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यासह जुने चार कायदे रद्द झाले. त्याच वेळी केंद्राने सवलतीचा एक आदेश काढला: त्याच तीन देशांतले तेच सहा समाज, पण आगमनाची मुदत ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत. धार्मिक छळामुळे किंवा त्याच्या भीतीने आलेल्या या लोकांना पासपोर्ट-व्हिसाच्या सक्तीतून सूट आहे, मग त्यांच्याकडे कागद मुळातच नसोत किंवा मुदत संपलेले असोत. वर्तमानपत्रांत ही बातमी आली तेव्हा अनेकांनी सीएएची मुदत दहा वर्षांनी वाढली असा अर्थ काढला. तसे झालेले नाही. हा आदेश खटल्यापासून वाचवतो, नागरिकत्व देत नाही. अशिलाला पहिल्या दिवशी ही गोष्ट सांगणे वकिलाचे काम आहे, कारण चुकीच्या आशेवर माणूस जुना व्हिसा वाढवायचे सोडून देतो आणि मग खरोखर अडकतो.

धाकट्याला मात्र जुना रस्ता आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. नागरिकत्व कायद्याच्या पाचव्या कलमात भारतीय वंशाच्या व्यक्तीला सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीने नागरिकत्व मागता येते. भारतीय वंशाची म्हणजे जी स्वतः किंवा जिचे आई-वडील यांपैकी एकजण अखंड भारतात जन्मले अशी व्यक्ती. धाकट्याचा बाप १९४० च्या सुमाराचा, म्हणजे अखंड भारतातलाच. २०१८ पासून व्हिसा कधीही तुटलेला नसेल, तर त्याची सात वर्षे २०२५ मध्ये भरली. बापाच्या जन्माचा एक कागद सापडला की झाले. तो कागद सिंधमधल्या कुठल्या तरी शाळेच्या दप्तरात असतो, ही वेगळी गोष्ट.

आरएसीचे तिकीट

अर्ज आणि नागरिकत्व यांच्या मधल्या काळात हा माणूस कायद्याच्या दृष्टीने कोण असतो? बहुतेक वेळा तो दीर्घ मुदतीच्या व्हिसावर असतो. कॉलनीत त्याला एलटीव्ही म्हणतात.

भुसावळला रात्रीच्या गाडीत आरएसीचे तिकीट घेऊन चढणारा प्रवासी आठवा. टीसी त्याला उतरवू शकत नाही, बसायला जागा मिळते, पण बर्थ त्याची नसते. एलटीव्हीचे तसेच आहे. तो असला की इथे राहणे कायदेशीर. २०१६ मध्ये केंद्राने त्यावर बऱ्याच सवलती दिल्या: बँकेत खाते, स्वतःचा धंदा, राहण्यापुरते घर विकत घेणे, पॅन, आधार, वाहन परवाना. व्हिसाची वाढही एका वेळी पाच वर्षांपर्यंत मिळू लागली. मतदान नाही, पासपोर्ट नाही. आरएसीच्या प्रवाशाची रात्र निदान सकाळी संपते. इथे माणसे वीस-वीस वर्षे तशीच बसून असतात.

हा व्हिसा जिल्ह्यात सांभाळतो पोलीस अधीक्षक. परकीय नागरिकांची नोंदणी करणारा अधिकारी तोच. अर्ज आता ऑनलाइन भरला जातो, पण पत्ता बदलला, दुकान हलवले, लग्न झाले, की कागद अखेर एसपी ऑफिसच्या त्या शाखेत येतो. म्हणून या कामातल्या वकिलाला न्यायालयाच्या आवाराइतकेच ते टेबलही माहीत असावे लागते.

एलटीव्हीचे खरे मोल एप्रिल २०२५ मध्ये दिसले. २२ एप्रिलच्या पहलगाम हल्ल्यानंतर सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले आणि जायला काही दिवसांची मुदत दिली. त्या आठवड्यात राज्यातल्या पाकिस्तानी नागरिकांची शहरवार आकडेवारी छापून आली. नागपूर आणि ठाण्यापाठोपाठ जळगावचे नाव होते, आकडा चारशेच्या आतबाहेर. वाचणाऱ्यांना धक्का बसला; सिंधी कॉलनीत बसला नसेल. यातले बहुतेक वर्षानुवर्षे इथे राहणारे हिंदू सिंधी. परराष्ट्र मंत्रालयाने लगेच खुलासा केला की हिंदू पाकिस्तानी नागरिकांना आधीच दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा चालू राहतील. ज्याने वाढीचा अर्ज वेळेत केला होता तो त्या आठवड्यात निर्धास्त झोपला असेल, आणि ज्याने उद्यावर ढकलला होता तो वकिलाच्या दारात.

टपाल अधीक्षक आणि स्टेशनमास्तर

नागरिकत्वाची फाईल कुठे जाते? आधी ती जिल्हाधिकाऱ्याकडे जायची. डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाणे इथल्या जिल्हाधिकाऱ्यांना पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातल्या अल्पसंख्याकांना नागरिकत्व देण्याचा अधिकार मिळाला. जळगाव त्या यादीत नव्हते. यादीबाहेरच्या जिल्ह्यांचा अधिकार राज्याच्या गृह सचिवांकडे राहिला, म्हणजे जळगावची फाईल मंत्रालयात. सिंधी वस्ती एवढी असूनही जिल्हा यादीत का नव्हता, याचे समाधानकारक कारण मला कुठे दिसले नाही.

११ मार्च २०२४ ला सीएएचे नियम आले आणि या वाटेवरून राज्य सरकारच जवळजवळ बाजूला झाले. आता सीएएचा अर्ज ऑनलाइन भरायचा आणि तो जिल्हा समितीपुढे जातो. समितीचा प्रमुख कोण? डाक अधीक्षक. होय, टपाल खात्याचे. सोबत केंद्राच्या एनआयसी या संस्थेचा जिल्हा सूचना विज्ञान अधिकारी आणि केंद्राने नेमलेला एक सदस्य. निमंत्रितांत जिल्हाधिकारी कार्यालयाचा नायब तहसीलदाराच्या दर्जाचा प्रतिनिधी आणि, उपलब्ध असेल तर, रेल्वेचा स्टेशनमास्तर. पहिल्यांदा नियम वाचताना छपाईची चूक वाटावी अशी ही रचना आहे. पण तिच्यामागे सरळ हिशेब आहे: ज्या केंद्रीय खात्यांची माणसे जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात आहेत आणि राज्य सरकारच्या हाताखाली नाहीत, ती पोस्ट आणि रेल्वे. काही राज्य सरकारांनी हा कायदा राबवणार नाही असे जाहीर केले होते, त्यांना वळसा घालण्याची ही युक्ती.

जिल्हा समिती मूळ कागद पाहते आणि निष्ठेची शपथ देते. त्यासाठी अर्जदाराला स्वतः हजर राहावे लागते. पुरेशी संधी देऊनही तो आला नाही तर समिती अर्ज फेटाळण्याच्या विचारासाठी वर पाठवते. निर्णय राज्य पातळीवरच्या अधिकारप्राप्त समितीचा. तिचे प्रमुख जनगणना संचालक, आणि तिच्यात केंद्रीय गुप्तवार्ता विभागाचाही अधिकारी बसतो. या नियमांखालची पहिली चौदा प्रमाणपत्रे १५ मे २०२४ ला दिल्लीत दिली गेली.

अर्जदाराला घटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा यावी लागते. बोलता आली तरी पुरे. सिंधी १९६७ पासून त्या अनुसूचीत आहे, त्यामुळे आपल्या थोरल्याला अडचण नाही. मराठीही चालेल. गिऱ्हाइकाशी तो सफाईने अहिराणी बोलतो, ती मात्र इथे मोजली जाणार नाही. जनगणना अहिराणी जिच्यात धरते त्या खानदेशीला स्वतंत्र भाषा म्हणून मोजते, अनुसूचीत तिला जागा नाही.

आता या अर्जात काय विचारत नाहीत ते पाहा. तुमच्यावर काय गुदरले, कोणी धमकावले, दुकान कोणी जाळले, मुलीला कोणी पळवले, यातले काहीही सिद्ध करावे लागत नाही. अमेरिकेतला वकील ज्यासाठी शेकडो पाने जमवतो तो मुद्दा इथे कायद्याने गृहीत धरला आहे. देश, धर्म आणि तारीख, एवढे तीन खांब. धर्मासाठी स्थानिक प्रतिष्ठित सामाजिक संस्थेचे प्रमाणपत्र लागते. सिंधी समाजाच्या पंचायती असतात, हे काम त्या करू शकतात.

लाइट बिलाचा साक्षीदार

देश सिद्ध करायला जुना पाकिस्तानी पासपोर्ट सगळ्यात उत्तम, मुदत संपलेला असला तरी चालतो. तो नसेल तर जन्मदाखला, शाळेचा दाखला, जमिनीचा किंवा भाड्याचा कागद, इतकेच काय, आजोबा-पणजोबा त्या देशाचे होते असे दाखवणारा कागदही नियमांच्या यादीत बसतो.

तारखेची यादी त्याहून लांब आहे. व्हिसावरचा शिक्का, पोलिसांकडची नोंदणी, जनगणनेच्या वेळी दिलेली चिठ्ठी, रेशनकार्ड, लाइट बिल, बँकेचे किंवा पोस्टाचे पासबुक, विमा पॉलिसी, नोंदणीकृत भाडेकरार, शाळा सोडल्याचा दाखला, पालिकेचा व्यवसाय परवाना, विवाह प्रमाणपत्र. कागद ३१ डिसेंबर २०१४ पर्यंतचा हवा. म्हणजे ज्या लाइट बिलाची आपण पुडी बांधतो, ते एखाद्याच्या घरात सगळ्यात मोलाचे ठरू शकते. आणि आपल्या २०१३ च्या पोराचा जळगावचा जन्मदाखला त्याला स्वतःला नागरिक करत नसला, तरी त्याचे आई-बाप २०१३ मध्ये इथे होते हे सांगायला उपयोगी पडतो.

खरी डोकेदुखी नावांची असते. सिंधमधले कागद सिंधीत किंवा उर्दूत, अरबी वळणाच्या लिपीत. तिथून पासपोर्टवर इंग्रजीत गेलेले नाव एक, इथल्या रेशनकार्डावर मराठी कारकुनाने ऐकून लिहिलेले दुसरे, बँकेत तिसरे. आडनावाच्या शेवटचे ‘आनी’ कुठे ‘अनी’ होते तर कुठे ‘वाणी’. वयाचेही तेच. इथल्या तरुण सिंध्यांतल्या अनेकांना ती लिपी वाचता येत नाही, म्हणून वाचणारा म्हातारा आधी शोधावा लागतो आणि मग प्रमाणित भाषांतर करणारा. वकिलाने सगळ्या नावांची एक तुलना करून प्रतिज्ञापत्रात घालावी आणि प्रश्न येण्याआधीच उत्तर द्यावे.

इथे ११ जुलै २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हाताशी ठेवावा. आसाममधल्या रहीम अलींच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की नावाच्या स्पेलिंगमधल्या किंवा तारखांमधल्या किरकोळ तफावतीवरून माणसाला परदेशी ठरवता येत नाही, आणि कोणाला परदेशी म्हणण्याआधी सरकारकडे काहीतरी आधार असला पाहिजे. हे महत्त्वाचे, कारण या क्षेत्रात पुराव्याचा बोजा उलटा असतो. फौजदारी खटल्यात आरोप सरकारने सिद्ध करायचा. इथे ‘मी परदेशी नाही’ हे माणसाने सिद्ध करायचे. जुन्या कायद्यात तसे होते, नव्यातही आहे.

उलट बाजूचा निकालही माहीत हवा. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्याच्या एका जामीन अर्जावर स्पष्ट केले की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्याने कोणी नागरिक होत नाही. एजंटाला पैसे देऊन ‘सगळे कार्ड काढून घेतले’ असे समाधानाने सांगणाऱ्या अशिलाला हा निकाल समजावून सांगणे कठीण जाते. चुकीच्या माहितीवर काढलेले मतदार कार्ड तर पुढे त्याच्याच विरुद्ध वापरले जाते.

संभाजीनगरला केव्हा जायचे

फाईल अडली की उच्च न्यायालय. जळगाव आणि धुळे दोन्ही औरंगाबाद खंडपीठाच्या कक्षेत येतात, म्हणून याचिका छत्रपती संभाजीनगरला दाखल होते. तिथे काय मागायचे यात वकिलाची खरी पारख आहे. ‘माझ्या अशिलाला नागरिकत्व द्या’ अशी मागणी बहुधा टिकत नाही, कारण तो निर्णय सरकारचा. ‘माझा अर्ज अमुक महिन्यांत निकाली काढा आणि तोवर मला हलवू नका’ ही मागणी टिकू शकते.

या मागणीला भक्कम आधार १९९६ च्या चकमांच्या निकालाचा आहे. अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांचे नागरिकत्वाचे अर्ज स्थानिक अधिकारी पुढेच पाठवत नव्हते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने सांगितले की घटनेचे एकविसावे कलम, म्हणजे जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क, नागरिक नसलेल्यालाही आहे. अर्ज नोंदवून केंद्राकडे पाठवलेच पाहिजेत. आणि निर्णय होईपर्यंत त्यांना हुसकावता येणार नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी अर्ज दाबून ठेवला जातो तिथे वकिलाला याहून सरळ निकाल सापडणार नाही.

पण या कलमाची ताकद किती ताणायची? १९५५ च्या हान्स म्युलर प्रकरणापासून सर्वोच्च न्यायालय म्हणत आले आहे की परदेशी माणसाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार निरंकुश आहे. ८ एप्रिल २०२१ ला रोहिंग्यांच्या प्रकरणात न्यायालयाने तीच रेघ ओढली: जीविताचा हक्क सर्वांना, पण बाहेर न काढले जाण्याचा हक्क हा देशात कुठेही राहण्याच्या हक्काला जोडलेला, आणि तो फक्त नागरिकांना. उलट १९९८ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने दोन इराकी निर्वासितांच्या बाबतीत म्हटले होते की जिथे जीवाला धोका आहे तिथे परत न पाठवण्याचे तत्त्व एकविसाव्या कलमातच येते. हे दोन्ही प्रवाह आजही आहेत. माझ्या मते पहिला जास्त वजनदार आहे, आणि म्हणूनच वकिलाने घटनेवर सगळी भिस्त न ठेवता आधी नियमांतली वाट संपवावी.

यादीबाहेरचा माणूस

सहा समाजांत किंवा तीन देशांत न बसणाऱ्याचे काय? पाकिस्तानातला अहमदिया, म्यानमारचा रोहिंग्या, येमेनमधल्या युद्धातून शिकायला म्हणून बाहेर पडलेला विद्यार्थी. त्याला भीती सिद्ध करावीच लागते, पण ती ऐकायला न्यायाधीश नसतो. केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ डिसेंबर २०११ ला एक कार्यपद्धती ठरवून दिली, २०१९ मध्ये तिच्यात बदल केले. निर्वासित असल्याचा दावा करणाऱ्याची चौकशी करायची, वंश, धर्म, राजकीय मत वगैरे कारणाने छळाची वाजवी भीती सकृद्दर्शनी दिसली तर दीर्घ मुदतीच्या व्हिसाची शिफारस करायची. आपल्याकडे आश्रयाच्या कायद्याला सगळ्यात जवळची गोष्ट हीच, आणि ती परिपत्रकाच्या रूपात आहे. अमेरिकी वकिलाची सामग्री, म्हणजे देशाच्या परिस्थितीचे अहवाल, डॉक्टरांचे दाखले, तपशीलवार हकिगत, इथल्या वकिलाला नेमकी या टप्प्यावर लागते.

दिल्लीतले संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित कार्यालय काही देशांच्या लोकांना ओळखपत्र देते. ते कार्ड पोलिसांशी बोलताना उपयोगी पडते, पण इथल्या कायद्याने त्याला राहण्याचा परवाना मानलेले नाही. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका येमेनी कुटुंबाला असे कार्ड असूनही देश सोडण्याची नोटीस मिळाली. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले, तेव्हा दुसऱ्या एखाद्या देशात का जात नाही असाच प्रश्न त्यांना ऐकावा लागला.

चौकट: पहिल्या भेटीत विचारायचे

भारतात पहिल्यांदा कधी, कुठून, कोणत्या व्हिसावर आलात. मधल्या काळात कधी बाहेर गेलात का.
व्हिसा किंवा एलटीव्हीत एका दिवसाचा तरी खंड आहे का. वाढीच्या अर्जाची पोच कुठे आहे.
आई-वडिलांचा जन्म कुठला आणि कधीचा. त्याचा कागद कोणाकडे आहे.
३१ डिसेंबर २०१४ पर्यंतचा, नाव आणि पत्ता असलेला कोणताही कागद.
मुलांच्या जन्मतारखा, नवरा-बायकोपैकी कोणी भारतीय नागरिक आहे का. भारतीयाशी लग्न झालेल्याला सात वर्षांनी नोंदणीचा स्वतंत्र रस्ता आहे.
आतापर्यंत काढलेली सगळी कार्डे, आणि ती काढताना कुठे काय लिहून दिले.

आणि वकिलाचे पैसे?

या कुटुंबांतल्या अनेकांना एक गोष्ट माहीत नसते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे बारावे कलम मोफत वकील कोणाला मिळेल ते सांगते, आणि त्यात नागरिक असण्याची अट नाही. स्त्रिया, मुले आणि कोठडीत असलेली व्यक्ती अशा काही गटांना उत्पन्नाची अटही नाही. बाकीच्यांना ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असावे लागते. जळगाव आणि धुळे दोन्ही ठिकाणी जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, आणि १५१०० हा देशभरचा मदत क्रमांक आहे. खंडपीठात जायचे असेल तर तिथे उच्च न्यायालयाची वेगळी विधी सेवा समिती असते.

म्हणून आपल्या घराच्या बाबतीत पहिला अर्ज थोरल्याच्या बायकोने करावा. ती २०११ पासून इथे आहे, सीएएच्या मुदतीत बसते आणि न्यायालयात जायची वेळ आली तर मोफत वकिलाला पात्र आहे. नागरिकत्वाचे प्रमाणपत्र मिळाले की सीएएनुसार ती भारतात आली त्या दिवसापासून नागरिक मानली जाईल. मुलगा त्यानंतर जन्मला. मग २०१३ मध्ये त्याची आई नागरिक होती आणि थोरल्यालाही सीएएने बेकायदा स्थलांतरितांतून वगळले आहे, म्हणून मुलगा जन्मानेच नागरिक, असा युक्तिवाद वकिलाला करता येतो. तो मान्य झाला नाही तरी नागरिकाचे अज्ञान मूल म्हणून पाचव्या कलमाखाली नोंदणीचा अर्ज करता येतो. त्यासाठी मुलगा अठरा वर्षांचा व्हायच्या आत, म्हणजे २०३१ पूर्वी, हालचाल करावी.